बीजीएमआय असो नाहीतर कुठलाही वर्षानुवर्षं चालणारा ऑनलाइन गेम: त्याच्याकडून अपेक्षा किती आणि कसली ठेवायची?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा आला, ड्रीम११ वगैरेंनी पैसे भरून खेळायचे कॉन्टेस्ट बंद केले, आणि लगेच माझ्या ओळखीतल्या पोरांचा एकच प्रश्न सुरू झाला, भाऊ बीजीएमआय पण जाणार का? त्यांच्या आईवडिलांचाही तोच प्रश्न. (बीजीएमआय म्हणजे मोबाईलवरचा बॅटल रॉयल गेम, शंभर जण एका मॅपवर उतरून एकमेकांशी लढतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला.) उत्तर सरळ आहे, नाही. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, म्हणजे रमी, पोकर, पैसे भरून लावायची फॅन्टसी टीम. ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे गेम त्यात वेगळे धरलेत.

पण त्या प्रश्नामागची भीती खोटी नाहीये. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप बॅन केले त्यात पबजी मोबाईल होता, ३० ऑक्टोबरला त्याचे भारतातले सर्व्हरसुद्धा बंद पडले. २ जुलै २०२१ ला तोच गेम बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया म्हणजे बीजीएमआय या नावाने परत आला. २८ जुलै २०२२ ला तो पण प्ले स्टोअरवरून गायब, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. ज्या पोराने दहावीची परीक्षा देऊन हा गेम टाकला त्याने इंजिनिअरिंग संपेपर्यंत तो दोनदा जाताना आणि दोनदा येताना बघितला. अशा माणसाला दर सहा महिन्यांनी पोटात गोळा येणारच ना.

मला हे सविस्तर लिहावंसं वाटलं कारण मी बरीच चांगली पोरं या गेमपायी मनापासून दुखावलेली बघितलीत, रँक पडला म्हणून, स्किन (बंदूक-गाडी-कपड्यांचं विकत घेतलेलं रूप) गेली म्हणून, पहिल्यासारखी मजा नाही म्हणून, आणि त्यातला निम्म्याहून जास्त त्रास गेममुळे नसतो, गेम म्हणजे नक्की काय प्रकार आहे हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं त्यामुळे होतो.

## हा गेम संपत का नाही

लहानपणी टीव्हीला जोडून जे कॅसेटवाले गेम खेळलो किंवा सायबर कॅफेत बसून जे सीडीवाले गेम खेळलो, त्यांना शेवट होता. शेवटचा बॉस मारला की झालं. कंपनीने बनवला, विकला, आणि दुसऱ्या गेमच्या कामाला लागली. त्यात बिघाड असला तरी तो कायमचा आणि मजा असली तरी ती पण कायमची, आजही ती कॅसेट सापडली आणि यंत्र चालू असलं तर तोच गेम तसाच्या तसा चालेल.

बीजीएमआयसारखा गेम वेगळ्या जातीचा आहे. त्याला लाइव्ह सर्व्हिस गेम म्हणतात, म्हणजे असा गेम जो कंपनीच्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर, सतत चालू असतो, आपल्या मोबाईलमधलं ॲप फक्त तिथे जायचा दरवाजा, आणि आत काय असणार हे कंपनी दर काही आठवड्यांनी बदलत राहते. ही कल्पना मोबाईलच्या आधीची आहे. एव्हरक्वेस्ट १९९९ मध्ये आला, ईव्ह ऑनलाइन २००३ मध्ये, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये, आणि हे तिन्ही अजून चालू आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट सुरू झाला तेव्हा जन्मलेलं पोरगं आता मतदान करतं.

शिकायला पुण्यात गेल्यावर मेस लावतो ते आठवा. महिन्याचे पैसे भरायचे, रोज जाऊन जेवायचं. पैसे भरले म्हणून काकूंचं स्वयंपाकघर आपलं होत नाही, भाजी काय करायची ते काकू ठरवतात, सलग तिसऱ्या दिवशी वांगं आलं की आपण कुरकुरतो आणि ती कुरकुर हक्काची असते, चव फारच बिघडली तर मेस बदलतो, आणि काकूंनी मेस बंदच केली तर वाईट वाटतं पण दोन वर्षांत खाल्लेल्या पोळ्या फुकट गेल्या असं कुणी म्हणत नाही. जेवलो, पोट भरलं. लाइव्ह सर्व्हिस गेमचा हिशोब असाच ठेवायचा, आज जे खेळलो त्यात आज मजा आली का, आज दिलेल्या पैशाचं आज वसूल झालं का. पुढच्या वर्षीच्या भरवशावर या गेममध्ये काही साठवायला गेलात की त्रास सुरू.

## पण पैसे दिलेत ना, मग स्किन माझीच ना?

नाही. ऐकायला कडू आहे पण इथे स्पष्ट बोललेलं बरं. आपण अकाउंट उघडताना जे भलंमोठं पान न वाचता मान्य करतो त्यात बहुतेक सगळ्याच गेममध्ये हेच लिहिलेलं असतं, की तुम्हाला फक्त वापरायची परवानगी दिलीय आणि ती कंपनी काढून घेऊ शकते. यूसी म्हणजे खरे पैसे देऊन घेतलेलं गेममधलं चलन, बंदुकीची स्किन, गाडीची स्किन, सगळं यात आलं. पबजी मोबाईल बंद झाला तेव्हा हजारो रुपये घातलेल्यांना हे पहिल्यांदा कळलं. नंतर बीजीएमआयमध्ये जुना डेटा आणायची सोय काही काळ दिली होती, ज्यांनी वेळेत आणला त्यांचं सामान वाचलं, बाकीच्यांचं गेलं. ती सोय झाली हे चांगलंच झालं, पण ती कंपनीने दिली म्हणून मिळाली.

हे फक्त फुकटच्या मोबाईल गेमचं आहे असं वाटत असेल तर युबिसॉफ्टच्या द क्रू या रेसिंग गेमचं उदाहरण बघा. २०१४ मध्ये आला, लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतला, डिस्कवर पण मिळायचा. एकट्याने गाडी चालवायची असली तरी इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ती डिस्क कपाटात असूनसुद्धा गेम चालेना. त्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्स नावाची मोहीम उभी राहिली, तिला दहा लाखांच्या वर सह्या मिळाल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू केला की डिजिटल गोष्ट विकताना हे विकत देतोय की फक्त वापरायला देतोय ते दुकानाने गिऱ्हाइकाला नीट सांगायचं.

मग स्किन घ्यायची नाही का? घ्या की. आवडली, परवडते, तर बिनधास्त घ्या. फक्त घेताना ती गुंतवणूक धरू नका, पुढे अकाउंट विकून पैसे सुटतील हा विचार तर अजिबात नको, असे व्यवहार नियमात बसत नाहीत आणि त्यात फसवणूक भयंकर चालते.

## क्रेटचं गणित

क्रेट म्हणजे पैसे भरून उघडायची बंद पेटी, आत काय निघेल ते नशिबावर. इथे शाळेतलं थोडं गणित लागतं आणि ते प्रत्येक खेळणाऱ्या पोराला यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

समजा एखादी भारी स्किन निघायची शक्यता १ टक्का आहे. बहुतेकांना वाटतं १०० क्रेट उघडल्या की ती मिळणारच. तसं होत नाही, कारण प्रत्येक क्रेट नव्याने सुरुवात करते, आधीच्या ९९ रिकाम्या गेल्यात हे तिला माहीत नसतं. १०० उघडूनही ती स्किन न मिळायची शक्यता ३६-३७ टक्के आहे, म्हणजे तीन जणांनी शंभर-शंभर उघडल्या तर त्यातला एक जण साधारण रिकाम्या हाताने उठणार. २०० उघडल्या तरी १३ टक्के लोक तसेच राहतात. आणि यूट्यूबवर जो पहिल्याच क्रेटमध्ये मिळाली म्हणून ओरडतो त्याचाच व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो, बाकीचे कशाला व्हिडिओ टाकतील.

ही शक्यता लपवता येत नाही. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गूगल प्लेने २०१९ मध्ये नियम केलाय की अशा पेट्यांमध्ये काय किती टक्क्याने निघतं ते दाखवलंच पाहिजे. क्रेटच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बारीक माहितीचं बटण असतं, ते दाबा आणि आकडा वाचा. काही ठिकाणी इतक्या वेळा उघडल्यावर नक्की मिळेल अशी हमी पण दिलेली असते, मग तिथपर्यंत लागणारे सगळे पैसे हीच त्या स्किनची खरी किंमत समजायची आणि ती आपल्याला द्यायची आहे का हे पहिली क्रेट उघडायच्या आधी ठरवायचं. मधेच ठरवता येत नाही, मधे डोकं चालत नाही. बेल्जियमने तर २०१८ मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्या तिथल्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं जाहीर करून टाकलं.

## एवढी मेहनत करून रँक का पाडतात?

दर सीझन, म्हणजे साधारण दोन महिन्यांचा एक टप्पा, संपला की क्राउन-एस या वरच्या रँकला पोचलेला माणूस खाली येतो. लोकांना हा अन्याय वाटतो. यामागे दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक, रँक कधीच पाडला नाही तर जुने खेळाडू वर जाऊन बसतील, त्यातले निम्मे खेळणं सोडून देतील तरी यादीत तसेच दिसतील, आणि नवीन येणाऱ्याला चढायला जागाच उरणार नाही. दोन, खाली पाडलं की तुम्ही पुन्हा चढायला येता आणि कंपनीला तुम्ही यायला हवेच आहात. म्हणून रँक हे त्या सीझनपुरतं प्रगतिपुस्तक धरा. तुमचा नेम, मॅप वाचायची सवय, कधी पळायचं कधी थांबायचं याची समज, यातलं काहीही रीसेट होत नाही, पुढच्या सीझनला तुम्ही आधीपेक्षा लवकर वर जाता तो त्याचाच पुरावा.

अजून एक गोष्ट सांगतो जी माहीत नसल्यामुळे लोक उगाच स्वतःला कमी समजतात. एका मॅचमध्ये १०० खेळाडू, चौघांचा एक स्क्वॉड धरला तर २५ स्क्वॉड. सगळे सारख्या ताकदीचे असतील तर चिकन डिनर, म्हणजे मॅच जिंकणं, २५ मॅचमध्ये एकदाच येणार, म्हणजे ४ टक्के. चोवीस वेळा हरणं हे या खेळात नॉर्मल आहे! क्रिकेटमध्ये दोन टीम असतात, निम्मे सामने जिंकायची सवय आपल्या डोक्यात बसलेली असते आणि तीच अपेक्षा घेऊन आपण इथे येतो. वरून सुरुवातीच्या ब्रॉन्झ-सिल्व्हर रँकला गेम समोर बरेच बॉट सोडतो, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खोटे खेळाडू, जे उभे राहून मार खातात. तेव्हा दणादण डिनर मिळतात, वाटतं आपण जन्मजात आहोत. मग रँक वाढतो, बॉट कमी होतात, खरी माणसं समोर येतात, डिनर आटतात, आणि पोरगं म्हणतं माझा गेम बिघडला. तुझा गेम सुधारलाय भावा, म्हणून तर तुला अवघड माणसं दिलीत.

## "पहिल्यासारखी मजा राहिली नाही, गेमची वाट लावली"

ही तक्रार प्रत्येक जुन्या गेममध्ये, प्रत्येक देशात, प्रत्येक भाषेत आहे, आणि तिची खरी परीक्षा एकदा झालेली आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे खेळाडू वर्षानुवर्षं म्हणत होते आम्हाला २००४ चा जुना गेम परत द्या. २०१३ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ माणसाने चाहत्यांसमोर सरळ सांगितलं की तुम्हाला तो हवाय असं वाटतंय पण खरं तर नकोय, त्यावर लोक प्रचंड चिडले. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तो जुना गेम परत आणला, लोक लॉगिनच्या लांबलचक रांगेत थांबून आत शिरले. म्हणजे चाहते बरोबर होते, त्यांना तो खरंच हवा होता.

पण आत गेल्यावर काय झालं ते बघा. त्या गेममध्ये रॅग्नारोस नावाचा एक राक्षस आहे, चाळीस खेळाडूंनी मिळून मारायचा. मूळ गेम आला नोव्हेंबर २००४ मध्ये आणि जगात पहिल्यांदा तो मेला एप्रिल २००५ मध्ये, पाच महिने लागले. २०१९ मध्ये तोच राक्षस गेम सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आत मेला. बदलले होते ते मुख्यतः खेळणारे. २००४ मध्ये कुणाला काही माहीत नव्हतं, रस्ता चुकायचा, अनोळखी माणसाला विचारायला लागायचं, त्यातूनच मैत्री व्हायची. २०१९ मध्ये सगळ्यांकडे पंधरा वर्षांची माहिती तयार होती, कुठल्या बंदुकीने, सॉरी, कुठल्या तलवारीने किती नुकसान होतं ते दशांश चिन्हापर्यंत.

आता आपलं बघा. २०१८ मध्ये पहिल्यांदा एरँगलवर, म्हणजे पबजीच्या मूळ मॅपवर, उतरलो तेव्हा काय करत होतो? घराच्या बाथरूममध्ये दार लावून बसायचो, बाहेर पावलांचा आवाज आला की श्वास रोखून धरायचो, झोन, म्हणजे आवळत येणारं घातक वर्तुळ, येईपर्यंत तिथेच. लेव्हल थ्री हेल्मेट मिळालं की स्क्रीनशॉट. पोचिंकीत, म्हणजे मॅपच्या मधल्या गर्दीच्या गावात, उतरायचं म्हणजे धाडस. आता बारावीतल्या पोराला पण सेन्सिटिव्हिटीचे आकडे पाठ आहेत, जायरो लावून, म्हणजे फोन हलवून नेम धरत खेळतात, कुठल्या कंपाउंडमध्ये गाडी कुठे उभी असते हे माहीत आहे. बाथरूममध्ये बसलेल्याला दोन सेकंदात ग्रेनेड येतो. मॅप बराचसा तोच आहे. न कळण्याची जी मजा होती ती एकदाच मिळते आणि ती कुठल्याच अपडेटने परत येत नाही, कंपनीने उद्या २०१८ चं व्हर्जन जसंच्या तसं दिलं तरी येणार नाही.

आणि दुसरं म्हणजे माणसं. लॉकडाऊनमध्ये आमचा स्क्वॉड होता, एक इचलकरंजीचा, एक नांदेडचा, एक माझ्याच कॉलेजचा. रात्री मायकवर एकाच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्याच्या घरी आजोबांचा खोकला, आणि मधे मधे "अरे मागे बघ मागे", "रिवाइव्ह दे ना रे", असं चालायचं. आता एकाचं लग्न झालं, एकाची रात्रपाळी असते. तो गेम चांगला होता कारण आम्ही चौघं रिकामे होतो, जगात दुसरं काही करता येत नव्हतं. त्याचा दोष नव्या अपडेटला देऊन काय उपयोग, आणि त्या रात्री खोट्या होत्या असं पण नाही.

कंपनी सतत बदल का करते हा प्रश्न मात्र बरोबर आहे. मेटा नावाची भानगड असते, म्हणजे त्या काळात सगळ्यात फायद्याची ठरलेली बंदूक किंवा खेळायची पद्धत. एकदा ती सापडली की सगळे तेच करतात आणि गेम एकसुरी होतो, म्हणून कंपनी तिची ताकद कमी करते, नवीन काही आणते. तुमची आवडती बंदूक कधी ना कधी कमजोर होणार हे धरूनच चाला. कधी कधी बदल खरंच वाईट असतो, तेव्हा वाईट म्हणावं. डेस्टिनी २ या गेमने तर २०२० मध्ये आधी विकलेली कथा आणि चक्क काही ग्रहच गेममधून काढून टाकले, जागा आणि तांत्रिक भार कमी करायला. नंतर आलेल्या माणसाला गोष्टीची सुरुवातच खेळता येईना. त्यावर लोक चिडले ते रास्तच होतं.

## गेम मेला का?

लोक कमी झाले की ही ओरड येते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख सभासद होते, तो कळस. नंतर घसरले, २०१४ च्या शेवटी नवा मोठा भाग आला तेव्हा परत १ कोटीच्या वर गेले, आणि २०१५ च्या मध्यावर ५६ लाखांवर आले. तेव्हा पण मेला म्हणाले. तो अजून चालू आहे, नवे भाग अजून येतायत. मोठी अपडेट आली की गर्दी, महिन्या-दोन महिन्यांत सामसूम, पुन्हा गर्दी, असंच या गेमचं चालतं. तुम्हाला मॅच मिळायला किती वेळ लागतो तेवढंच बघा. पटकन मिळत असेल तर तुमच्यापुरता गेम जिवंत आहे.

## सुट्टी घेतली तर मागे पडेन त्याचं काय?

मेसमध्ये गावाला गेलो की खाडा लागायचा, तेवढ्या दिवसांचे पैसे वळते व्हायचे. रॉयल पासमध्ये खाडा नाही. रॉयल पास म्हणजे सीझनपुरता घ्यायचा पास, ठरावीक कामं करत गेलं की बक्षिसं मिळत जातात, नाही केली तर सीझन संपला की गेलं. गेम उघडल्यावर काय दिसतं ते एकदा नीट बघा. आधी एकामागे एक खिडक्या बंद करायच्या, प्रत्येकीत काहीतरी संपत आलेलं असतं आणि खाली उलटे मोजणारे तास. मग लॉबी, जिथे चार-पाच चिन्हांवर लाल ठिपके, दाबल्याशिवाय जात नाहीत. आज लॉगिन केलं म्हणून काहीतरी, सलग सात दिवस केलं म्हणून अजून काहीतरी. हे सगळं एकच गोष्ट सांगायला बनवलंय, आज आला नाहीस तर तुझं नुकसान आहे.

मी म्हणतो नुकसान कसलं? जी वस्तू नसतानाही काल मॅच खेळता येत होती, ती उद्या नसली तरी खेळता येणार आहे. फायनल फँटसी १४ या मोठ्या ऑनलाइन गेमचा प्रमुख नाओकी योशिदा, ज्याला दर महिन्याच्या सभासद फीवर गेम चालवायचाय, तोच अनेकदा उघड म्हणालाय की रोज खेळायची गरज नाही, नवीन भाग आला की या, खेळा, मधल्या काळात दुसरे गेम खेळा. कारण त्याला कळलंय की कंटाळून, चिडून गेलेला माणूस परत येत नाही, पोट भरून गेलेला येतो.

आणि पास घ्यायचाच असेल तर एक साधी गोष्ट करा, सीझनच्या सुरुवातीला घेऊ नका. आधी फुकट खेळा, शेवटच्या आठवड्यात बघा किती लेव्हल झाल्या, तोपर्यंतची बक्षिसं पास घेतल्यावर एकदम मिळतातच. पैसे दिलेत म्हणून खेळायला लागणं हा जो प्रकार आहे तो तिथेच संपतो.

## म्हणजे कंपनीला काही बोलायचंच नाही?

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अपेक्षा कमी करा म्हणजे जे देतील ते गोड मानून घ्या, असं मी अजिबात म्हणत नाहीये. कंपनीकडून गेम कायम चालेल, कधी बदलणार नाही, मला जिंकवेल, ही अपेक्षा चुकीची. हॅकरला हाकलावं, क्रेटचे टक्के खरे असावेत, फसवून पैसे काढू नयेत, बंद करणार असाल तर आधी सांगावं, ही अपेक्षा पक्की हवी आणि त्यावर भांडावं.

भांडून होतं पण. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने बटणांची अशी रचना केली होती की लोकांच्या हातून नकळत खरेदी व्हायची, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ च्या डिसेंबरमध्ये एकूण ५२ कोटी डॉलरला तडजोड करायला लावली, त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायला आणि बाकीचा दंड मुलांच्या माहितीच्या नियमांवरून. फायनल फँटसी १४ स्वतः २०१० मध्ये आला तेव्हा इतका वाईट होता की लोकांनी झोडपून काढला, कंपनीने माणसं बदलली, गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये चक्क बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला, तो आज जगातल्या मोठ्या ऑनलाइन गेमपैकी एक आहे. सोनीचा कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला, कुणी फिरकलंच नाही, ६ सप्टेंबरला बंद केला, पण घेणाऱ्यांचे पैसे परत दिले. हे शेवटचं मला फार आवडलं.

## आईवडिलांसाठी दोन गोष्टी

ऑनलाइन गेम थांबवता येत नाही, पॉजचं बटणच नसतं. एरँगलची मॅच शेवटपर्यंत टिकलं तर पंचवीस-तीस मिनिटं चालते आणि मधे उठलं तर बाकी तिघं बुडतात, म्हणून पोरगं "एवढी मॅच" म्हणतं ते दरवेळी खोटं नसतं. जेवायचं ताट वाढायच्या अर्धा तास आधी सांगा, आणि ही शेवटची मॅच असं त्याच्याकडून मॅच सुरू व्हायच्या आधी कबूल करून घ्या. २०२३ मध्ये गेम परत आला तेव्हा १८ च्या आतल्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घातली होती, पण ३ तास हे कमाल आहेत, रोज तेवढे खेळायलाच पाहिजेत असं नव्हे.

व्यसनाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या समजून घ्या, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे सगळं साधारण १२ महिने, इतकं की शाळा, घर, झोप यावर ठळक परिणाम होतोय. सुट्टीत दोन आठवडे गेममध्ये बुडालेलं पोर या व्याख्येत बसत नाही. पण वरचं सगळं दिसत असेल तर मोबाईल हिसकावण्यापेक्षा डॉक्टरांकडे न्या, त्यात लाज कसली.

## एक दिवस बंद होणारच का?

हो. कधी ते कुणाला सांगता येत नाही, एव्हरक्वेस्टने पंचवीस वर्षं ओलांडली आणि कॉन्कॉर्डला पंधरा दिवस मिळाले. सरकारच्या आदेशाने होईल, करार संपून होईल, नाहीतर माणसंच उरणार नाहीत म्हणून होईल. आणि बदली गेमवर पण लगेच सगळा भार टाकू नका. पबजीवर बंदी आल्यावर दोन दिवसांत फौजी नावाच्या देशी गेमची घोषणा झाली, सगळ्यांनी तो म्हणजे आपला पबजी असं डोक्यात घेतलं, २६ जानेवारी २०२१ ला आला तर त्यात बॅटल रॉयलच नव्हतं, आणि प्ले स्टोअरवर रेटिंग धाडकन खाली. तसं बॅटल रॉयल तिथे आत्ताच मिळेल ही अपेक्षा बरीचशी आपणच उभी केली होती.

ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या मात्र आजच करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. अकाउंट एकापेक्षा जास्त लॉगिनला जोडून ठेवा, २०२१ मध्ये जुना डेटा आणताना ज्यांचं अकाउंट विसरलेल्या पासवर्डच्या एकाच लॉगिनवर होतं त्यांचं सगळं तिथेच अडकलं. वापरायची यूसी साठवून ठेवू नका. आवडत्या मॅचचे रेकॉर्डिंग गेमच्या आत न ठेवता फोनमध्ये उतरवा. आणि ज्यांच्याबरोबर रोज खेळता पण ज्यांचं खरं नाव माहीत नाही, ज्याला तुम्ही तीन वर्षं फक्त स्नायपरदादा म्हणताय, त्याचा नंबर मागून घ्या, कारण ३० ऑक्टोबर २०२० ला फ्रेंडलिस्ट पण सर्व्हरबरोबरच गेली होती.